सर्जेरावांच्या बोटीचा स्टार्टर

सर्जेराव नलवडे सकाळी आठपासून चड्डीवर उभे होते. डिसेंबरातली सकाळ, राधानगरीच्या धरणाचा फुगवटा, पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबणारा, आणि हा साठीचा गृहस्थ वीस वर्षांपूर्वीची निळी पोहायची चड्डी, वर नारिंगी जाकीट आणि पायांत दोन लांबलचक फळ्या बांधून काठावर तयार. फळ्यांमुळे त्यांना धड चालता येत नव्हतं की बसता येत नव्हतं. जरा सोडून ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "आता सुरू हुतंय की. परत कोण बांधत बसायचं?"

त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनीसाहेब, मोटारीत काचा वर करून, मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. बोट सुरू होऊ नये म्हणून त्यांनी अंबाबाईला साडी बोलली होती. हे त्यांनी येताना गाडीत मला स्वतःच सांगितलं, आणि वर ‘तुम्ही वाईट वाटून घेऊ नका’ असंही म्हणाल्या.

बोट ट्रॉलीवरच होती. ट्रॉली उलटी घेऊन बोटीचा मागचा भाग तेवढा पाण्यात घातला होता, कारण ते इंजिन तलावाचंच पाणी ओढून थंड राहायचं. माझे सासरे, ज्यांना कोल्हापूरचं अख्खं उद्यमनगर चौगुले मिस्त्री म्हणायचं आणि मी मामंजी म्हणायची, बोटीत इंजिनावर वाकले होते. मी साडी खोचून बोटीच्या मागं गुडघाभर पाण्यात उभी होते. इंजिन सुरू झालं की मागच्या दोन नळ्यांतून पाणी पडतंय का ते बघून ओरडायचं, एवढंच माझं काम. तासभर झाला तरी ओरडायची वेळ आली नव्हती. मामंजी किल्ली फिरवायचे, इंजिन घुर्र घुर्र करत जोरात फिरायचं, आणि किल्ली सोडली की गप्प.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा तीस वर्षांची होते. माझे वडील मिरजेत स्टार्टर, म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला फिरवून देणारी मोटर, आणि डायनॅमो भरायचे, त्यामुळं आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, तार कशी गुंडाळायची हे मला पोळी लाटायच्या आधी आलं. लग्न होऊन कोल्हापुरात आले तर नवरा साखर कारखान्याच्या ऑफिसात, त्याला पाना दाखवला तरी घाम फुटायचा. मग सासऱ्यांच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत मी एक टेबल टाकलं. मामंजी हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आठ दिवसांनी त्यांनी टेबलावर एक बिघडलेला स्टार्टर आणून ठेवला, तेच काय ते हो.

तिथपासून आठ वर्षं मी त्या टेबलावर होते. आणि आठ वर्षांत मामंजींनी माझा एकही स्टार्टर न तपासता गाडीला लावला नाही. मी दुरुस्त करून त्यांच्या बाकाजवळ ठेवायची. ते तो पायाखाली दाबून धरायचे, बॅटरीच्या दोन वायरी लावून फिरवायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे, दातेरी टोक अंगठ्यानं हलवून बघायचे, मग एक शब्द न बोलता गाडीखाली शिरायचे. चूक एकदाही सापडली नव्हती. तरी पुढच्या स्टार्टरला पुन्हा तेच. पलीकडचा पंपवाला शिकलगार डिझेलचा पंप करून द्यायचा, तो मामंजी डोळे झाकून लावायचे. लेथवाल्याचा शाफ्ट तसाच. फक्त सुनेचा स्टार्टर पायाखाली. मला याचा मनापासून राग यायचा. त्यांनी माझी तारीफ करावी असं मी कधी म्हटलं नाही. माझी एकच इच्छा होती, की एकदा तरी माझं काम त्यांनी न बघता लावावं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांचा स्वभावच तसा आहे. नवऱ्याच्या वडिलांबद्दल काहीही सांगितलं की हेच उत्तर मिळायचं.

अशात नोव्हेंबरमध्ये उसाच्या ट्रॅक्टरला जोडून ही बोट आली.

सर्जेरावांची कागलकडं ऊसशेती आणि पोल्ट्री होती. ऐन उमेदीत त्यांनी मुंबईहून परत जाणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाकडून ही अमेरिकन बोट घेतली होती. मधोमध भलंमोठं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागं दोरी बांधायचा खांब, आणि त्या दोरीला धरून पायात फळ्या घालून पाण्यावर उभं राहायचं. चार-पाच वर्षं त्यांनी हा शौक केला, मग एकदा बरगडी मोडून घेतली आणि वहिनीसाहेबांनी बोट वैरणीच्या गंजीमागं ढकलायला लावली. चौदा वर्षं तिथं कोंबड्या नांदल्या. आता साठी आली, तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं की हार-तुरे नकोत, साठीशांत नको, साठाव्या वाढदिवसाला मी एकदा पाण्यावर उभा राहणार.

मामंजींनी असलं इंजिन उघडलेलं नव्हतं, पण इंजिन म्हटलं की त्यांना भीती कशी ती माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, की हे फिरतं कुठल्या बाजूला? प्रश्न बरोबर होता. गाडीचं इंजिन कुठल्या बाजूला फिरतं हे कुणी विचारत नाही, पण बोटीचं काय सांगता येतं.

सर्जेरावांनी पिशवीतून बोटीचं इंग्रजी पुस्तक काढलं. निम्मं वाळवीनं खाल्लेलं. त्यांनी चष्मा लावून पानावरून बोट फिरवत ती ओळ शोधली आणि वाचून दाखवली, की इंजिन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. त्याच्या पुढचं वाळवीच्या पोटात गेलं होतं.

मामंजी इंजिनाच्या पुढच्या अंगाला उभे होते. कोल्हापुरात ज्यानं हयात ऑइल इंजिनाला हँडल मारण्यात घालवली तो माणूस दुसरीकडं कुठं उभा राहणार? त्यांनी हवेत हँडल फिरवल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाले, "घड्याळासारखं म्हंजे आपल्यासारखंच. सगळी तशीच अस्त्यात." सर्जेरावांना बरं वाटलं. मीही मान डोलावली.

चार दिवसांनी स्टार्टर माझ्या टेबलावर आला. आतून कोळिष्टकं झाडली, ब्रश बदलले आणि बॅटरी लावली, तर तो उलटा फिरला. म्हणजे आम्ही आजवर जे शेकडो स्टार्टर केले त्यांच्या विरुद्ध बाजूला. मी म्हटलं, बघा, मुंबईतल्या कुठल्या तरी कारागिराचं काम. कॉइलचे जोड उलटसुलट करून ठेवले आणि इंजिन चालत नाही म्हणून साहेबानं बोट फुंकून टाकली. मी मनातल्या मनात त्या कारागिराला भरपूर हसले. सर्जेरावांनी तीच बोट पुढं चार-पाच वर्षं पळवली होती, हे काही मला आठवलं नाही.

आता खरं सांगायचं तर ते जोड कुणी हात लावलेले दिसत नव्हते. कारखान्यातलं वॉर्निश जसंच्या तसं होतं, चरा नाही की नवं कथील नाही. ते मला दिसलं. दिसूनही मी जोड सोडवले, बदलले आणि स्टार्टर ‘सरळ’ केला. त्याचा बेंडिक्स, म्हणजे स्टार्टर फिरला की पुढं सरकून इंजिनाच्या चाकाला दात देतो तो भाग, थोडा झिजला होता. त्याचे आटेही उलट होते. तो काढून मी जीपचा नवा चढवला आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यायला गेले. जुना बेंडिक्स वर्तमानपत्रात गुंडाळून सर्जेरावांना दिला. बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा हा आमच्या गॅरेजचा नेम होता, म्हणजे खरंच बदलला याची त्याला खात्री पटते.

संध्याकाळी स्टार्टर मामंजींच्या बाकाजवळ ठेवला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तो इंजिनावर चढलेला. पुढं रंगरंगोटी, गाद्या, दोरी यांत दिवस गेले आणि इंजिन बोटीत बसलं तेच वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी. पाण्याशिवाय ते चालवायचं नाही असं मामंजींचं म्हणणं. म्हणून पहिली सुरुवात थेट धरणावर, यजमान चड्डीवर.

तर साडेनऊ झाले. मामंजींनी प्लग काढून पुसले. ठिणगी चांगली पडत होती. कार्बोरेटरच्या तोंडात घोटभर पेट्रोल ओतून किल्ली फिरवली तर आतलं पेट्रोल उलट त्यांच्याच तोंडावर उडालं. त्यांनी टायमिंग हलवलं, पुन्हा ओतलं, पुन्हा तोंडावर. तेलाचा दाब दाखवणारा काटा जागचा हलत नव्हता, तो काटाच गेला असेल म्हणून सोडून दिला. बॅटरी थकली म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी लावली. मग त्यांनी प्लगच्या आठही वायरी काढून दुसऱ्या क्रमानं बसवल्या, आणि तासाभरात आणखी दोन वेळा वेगळ्याच. मी मागून बघत होते. मामंजींना एक वायर दोनदा लावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला सर्जेराव फळ्यांसकट बदकासारखे फताडे पाय टाकत बोटीजवळ आले. वाईट माणूस नव्हता तो, पण थंडीनं त्यांचे ओठ निळे पडले होते.

"मिस्त्री, राग मानू नका," ते म्हणाले. "वयाचा प्रश्न असतोय. माझं वय झालं तसं तुमचं बी झालं. सोडून द्या आता. पुढच्या महिन्यात मी ट्रकचं डिझेल इंजिन बसवून घेतो यात. दुसऱ्याकडनं."

मामंजींनी वर बघितलं नाही. "एकदा बघूया," एवढंच म्हणाले. त्यांच्या भुवयांवर पेट्रोल होतं. एरवी त्यांच्यावर रागावायची मला सवय होती, पण त्यांची कीव करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी किल्ली फिरवली. वाऱ्यानं माझा पदर खांद्यावरून सुटला होता, मी तो ओढायला गेले, तर तो येईना. बघते तर पदराचं टोक उजव्या नळीच्या तोंडाला चिकटून बसलेलं. मी ओढला. नळीनं परत ओढला. मामंजींनी किल्ली सोडली आणि पदर आपोआप सुटून पाण्यात पडला.

मी तिथंच उभी राहिले. मग म्हटलं, मामंजी, परत एकदा. ते फिरवायला लागले तेव्हा मी मुद्दाम पदराचं टोक डाव्या नळीपुढं धरलं. त्या नळीनंही ते सुळकन आत घेतलं.

इंजिन कार्बोरेटरच्या तोंडानं हवा घेतं आणि मागच्या नळ्यांनी सोडतं. इथं नळ्या हवा ओढत होत्या आणि तोंड थुंकत होतं. असं फक्त एकाच परिस्थितीत होतं, इंजिन उलट्या बाजूला फिरवलं तर. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही त्याला सकाळपासून उलटं फिरवत होतो, आणि फिरवणारा स्टार्टर माझा होता.

मग सगळंच डोळ्यांपुढं आलं. पुस्तक लिहिणारा माणूस बोटीच्या मागच्या टोकाला उभा होता. एकच चाक मागून बघितलं तर काट्याप्रमाणे फिरताना दिसतं आणि हँडलच्या बाजूनं बघितलं तर काट्याच्या उलट. वाळवीनं नेमकं तेवढंच खाल्लं होतं, की कुठून बघायचं. हे इंजिन जन्मापासून आमच्या इंजिनांच्या उलट होतं, त्याचा स्टार्टर उलट होता, बेंडिक्सचे आटे उलट होते, आणि मुंबईच्या त्या बिचाऱ्या कारागिरानं त्याला कधी हातच लावला नव्हता.

मी पाण्यातून बाहेर यायला फार वेळ लावला. का ते सांगते. माझ्या मनात दोन विचार आले, दोन्ही फारसे चांगले नव्हते. पहिला असा, की स्टार्टर मामंजींनी तपासलाय. पायाखाली दाबून फिरवून बघितलाय, त्यांनाही कळलं नाही, म्हणजे चूक निम्मी त्यांची. आठ वर्षांत प्रथमच मला त्यांच्या तपासण्याचा आधार वाटला. दुसरा विचार त्याहून वाईट. काही न बोलता ‘जरा ब्रश बघते’ म्हणून स्टार्टर काढावा, गुपचूप जोड फिरवावेत आणि परत लावावा. इंजिन सुरू होईल. कुणाला काही कळणार नाही. सर्जेराव म्हणतील मिस्त्रींना वयामुळं वेळ लागला, पण जमवलं. आणि माझा एकही स्टार्टर चुकलेला नाही हे तसंच राहील.

बोटीच्या कडेला येईपर्यंत मी ‘जरा ब्रश बघते’ हेच म्हणणार होते. तिथं मामंजी पुन्हा प्लगच्या वायरी काढत बसलेले दिसले. चौथ्यांदा.

"मामंजी, वायरी राहू द्या," मी म्हटलं. "इंजिन उलटं फिरतंय. माझ्यामुळं. स्टार्टर मूळचाच उलटा होता, तो मी सरळ केला."

सर्जेराव शेजारीच होते. त्यांच्या देखत सांगितलं, कारण ते बाजूला जायची वाट बघितली असती तर मी बोललेच नसते. पदर नळीत गेल्याचं सांगितलं. वॉर्निशचंही सांगितलं. मामंजी हातातली वायर तशीच धरून ऐकत होते. मग त्यांनी मला किल्ली फिरवायला लावली, स्वतः खाली उतरून नळीपुढं खिशातला रुमाल धरला. रुमाल आत गेला तो आजतागायत बाहेर आला नाही.

"मग इंजिन बरं हाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"इंजिन झकास हाय," मामंजी म्हणाले.

आता ते मला बोलतील, म्हणून मी घाईघाईनं माझा आधार पुढं केला. "पण मामंजी, तुम्ही तो बाकावर फिरवून बघितला होता ना? तुम्हालाही उलटसुलट कळलं नाही म्हणजे..."

"न्हाई बघितला."

"म्हणजे?"

"फिरवून न्हाई बघितला. तसाच लावला."

"का?"

मामंजी कपड्याच्या चिंधीनं एकेक बोट पुसत होते. "तू केला हुतास न्हवं," ते म्हणाले. "आठ वर्सं बघतोय. आता काय बघायचं म्हटलं."

त्यांनीच पुढं सांगितलं, माझ्याकडं न बघता, इंजिनाकडं हात करून. त्या इंजिनाच्या लोखंडावर, रंगाखाली, प्लग कुठल्या क्रमानं पेटायचे ते आकडे कोरलेले त्यांना सकाळीच दिसले होते. क्रम आणि फिरण्याची दिशा जुळत नव्हती. तेव्हा त्यांना वाटलं, अमेरिकेच्या कारखान्यानं आकडेच चुकीचे कोरले असतील. मग वाटलं आपल्याला आकडे नीट दिसत नसतील. मग वाटलं सर्जेराव म्हणतात तसं वय झालं असेल. चार वेळा वायरी काढल्या आणि घातल्या.

"सगळ्याचा संशय घेतला," ते म्हणाले. "स्टार्टरचा तेवढा आला न्हाई."

ज्याच्यासाठी आठ वर्षं धुसफुसत होते ते मला मिळालं होतं, पंधरा दिवसांपूर्वीच, मी तिथं नसताना. मला रडू यायला लागलं आणि ते मी खोकल्यावर ढकललं. गुडघाभर गार पाण्यात उभं राहिलेल्या बाईला खोकला आला तर कुणी काही विचारत नाही.

मग कामाला लागलो. मला जुना बेंडिक्स हवा होता. मोटारीची काच वाजवली आणि वहिनीसाहेबांना वर्तमानपत्राचं पुडकं मागितलं. ते त्यांच्या पायाखालीच होतं.

"हे नाही दिलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर बोट सुरू होणार नाही."

त्यांनी पुडकं उचललं आणि काचेतून आपल्या नवऱ्याकडं बघितलं. सर्जेरावांनी शेवटी फळ्या सोडल्या होत्या आणि माझं कथील वितळवायला चड्डीवर बसून स्टोव्हला पंप मारत होते. वहिनीसाहेबांनी निःश्वास सोडला. "घेऊन जा बाई. एकदा पडले की लवकर घरी तरी येतील. देवीची साडी मात्र चुकली."

ती वाचली असं त्या का म्हणाल्या नाहीत ते मी विचारत बसले नाही. काठावर पोतं अंथरून स्टार्टर उघडला, जोड कारखान्यानं दिले होते तसे परत केले, झिजलेल्या बेंडिक्सच्या दातांवरून कानस फिरवली. दीड तास गेला. स्टार्टर बांधून झाल्यावर मी तो मामंजींच्या पायापाशी ठेवला आणि बॅटरीच्या वायरी त्यांच्या हातात दिल्या.

"आता फिरवून बघा," मी म्हटलं. "बघितल्याशिवाय लावायचा नाही."

त्यांनी तो पायाखाली दाबला, वायरी लावल्या. स्टार्टर गरकन फिरला, उलटा, म्हणजे बरोबर. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, अंगठ्यानं दातेरी टोक हलवलं. मीही बाजूला उकिडवी बसून ऐकत होते, आणि पहिल्यांदाच मला त्यात काही खुपलं नाही.

पुढचं सांगून टाकते. बोट चालली. नळ्यांतून पाणी बदाबदा पडलं आणि मी घसा फुटेस्तोवर ओरडले. सर्जेराव दोनदा तोंडावर आपटले, तिसऱ्यांदा फुगवट्याच्या मधोमध ताठ उभे राहिले, अर्धा मिनिट असतील, आणि वहिनीसाहेब मोटारीतून उतरून पाण्याच्या कडेपर्यंत आल्या. हे सगळं अजून सर्जेराव सांगतात, त्यांच्या सांगण्यात अर्ध्या मिनिटाचा पाव तास झालाय. मला मात्र आठवतात ती त्याच्या आधीची दहा मिनिटं.

स्टार्टर चढला. मामंजींनी प्लगच्या वायरी लोखंडावरच्या आकड्यांप्रमाणे बसवल्या. मग त्यांनी टायमिंग लावलं. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक खूण असते आणि तिच्यासमोर पट्टीवर रेघा. पिस्टन वर पोहोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी म्हणून ती खूण शून्याच्या थोडी अलीकडं धरायची. मामंजींचं टायमिंग म्हणजे उद्यमनगरात शेवटचा शब्द. त्याला त्यांनी कुणाला कधी हात लावू दिला नव्हता, शिकलगारलासुद्धा नाही. नट आवळून ते सरळ झाले आणि किल्लीकडं जाता जाता थांबले.

"हेमा."

"काय मामंजी?"

"तुझं मी बघितलं. आता माझं तू बघ."

मला वाटलं, उगाच माझं मन राखायला म्हणतायत. पण ते बाजूला सरकले आणि मला जागा करून दिली. मी वाकले. खूण बघितली, पट्टी बघितली. सगळं नीट, रेघेवर रेघ. मी ‘बरोबर आहे’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पुन्हा बघितलं. स्टार्टरची चूक सांगताना वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली.

"मामंजी," मी म्हटलं, "तुम्ही खूण आपल्या नेहमीच्या बाजूला धरलीय. हे इंजिन उलटं फिरतं. मग अलीकडं ते पलीकडं होणार. शून्याच्या त्या बाजूला पाहिजे."

मामंजी खाली वाकले. पुलीवरच्या खुणेवरून अंगठा उलट्या बाजूला फिरवून बघितला. काठावरून सर्जेराव काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते.

मग ते उठले, पाना माझ्या हातात दिला आणि पुढं जाऊन बोटीच्या स्टिअरिंगच्या चाकामागं बसले. मी ‘आता बरोबर’ म्हणेपर्यंत त्यांनी किल्लीला हात लावला नाही.